ई-मेलमधील विषाणू, 'फॉरमॅट' आणि लोकलाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतील पानावर एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या फसवणुकीची बातमी आली होती. ई-मेलसोबत आलेली फाईल उघडल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकात विषाणू शिरला आणि पुढे खात्यातील रक्कम गेली, एवढेच त्या घटनेविषयी बातमीत होते. त्यांचे नाव, वय, वसाहत आणि निवृत्तीपूर्वीचे पद मात्र सविस्तर छापले होते आणि वर मथळा होता, 'उच्चशिक्षितही अडकले जाळ्यात'. ती बातमी मी दोनदा वाचली, कारण दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात माझ्या घरीही जवळपास तेच घडले होते. माझे पैसे गेले नाहीत, याचे श्रेय माझ्या सावधपणाला नाही. बँकेचा कोणताही व्यवहार मी संगणकावर करत नाही आणि अजूनही पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो, एवढेच त्याचे कारण आहे. जे घडले ते सांगून त्या मथळ्याविषयी थोडे लिहावे, यासाठी हे पत्र.

मी अंबाजोगाईतील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालो. संगणक माझ्या आयुष्यात उशिरा आला. राज्यात एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे वेतनवाढ अडू नये म्हणून मीही, मी ज्यांना शिकवले त्याच मुलांच्या शेजारी बसून, ती परीक्षा उत्तीर्ण झालो. घरातील संगणक २०११ सालचा. त्यावर विंडोज ७ आणि त्याच काळातील मायक्रोसॉफ्ट ऑफिस. विंडोज ७ साठीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून बंद झाल्या, हे मला ठाऊक होते. पण चालते आहे तोवर चालवावे, हा आपल्याकडचा नियम मी पंख्याला, स्कूटरला आणि संगणकाला सारखाच लावला होता.

त्या दिवशी सकाळी एका निवृत्त सहकाऱ्यांच्या नावाने मेल आला. विषय होता सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता. सेवानिवृत्ताच्या घरी या विषयाचा मेल न उघडता राहील, अशी अपेक्षा कोणी करू नये. मजकूर दोनच ओळींचा होता: सोबतचा तक्ता पाहावा, पासवर्ड खाली दिला आहे. मला संशय न येण्याचे खरे कारण त्या दोन ओळींच्या खाली होते. याच थकबाकीबाबत मी स्वतः दीड वर्षापूर्वी त्यांना लिहिलेला मेल, माझ्याच शब्दांत आणि माझ्या एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट, तेथे जसाच्या तसा होता. आपल्याच पत्राला आलेले उत्तर म्हणून मी सोबतची झिप फाईल, म्हणजे इतर फाईल आत बांधून ठेवणारे गाठोडे, पासवर्ड घालून उघडली. आत वर्डची एक फाईल होती. ती उघडल्यावर वरच्या बाजूला पिवळी पट्टी आली आणि पानावर इंग्रजीत सूचना दिसली की, मजकूर सुरक्षित ठेवला असल्यामुळे तो पाहण्यासाठी पट्टीवरील बटण दाबावे. प्रश्न दोनदा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, असे एकतीस वर्षे मुलांना सांगणाऱ्या माझ्याकडून ते बटण पहिल्याच वाचनात दाबले गेले. पुढे काहीच दिसले नाही. फाईल बिघडलेली असावी, असे समजून मी चहाला उठलो.

या प्रकारात चलाखी कोठे होती, हे मला नंतर समजले. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याची जी पद्धत आजही चालते, ती १९८२ मध्ये ठरली. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याच्या जागी कोणी कोणाचेही नाव लिहिले, तरी पोस्टमन जसा अडवत नाही, तशीच मुळात ती होती. पडताळणीच्या सोयी पुढे जोडल्या गेल्या. पण वाचणाऱ्याची नजर पत्त्यावर न जाता नावावरच थांबते. माझ्या बाबतीत मात्र खोट्या नावाच्याही पुढचा प्रकार झाला होता. एखाद्या संगणकात शिरून तेथील जुना पत्रव्यवहार चोरायचा आणि त्याच पत्रांना उत्तर देत असल्याचे भासवून पुढच्यांना विषारी फाईल पाठवायची, ही युक्ती इमोटेट नावाच्या विषाणूने जगभर रूढ केली. तो प्रथम २०१४ मध्ये आढळला. जानेवारी २०२१ मध्ये आठ देशांच्या यंत्रणांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो पुन्हा हिंडू लागला. झिप फाईलला पासवर्ड लावण्यातही हेतू असतो. कुलूप असलेल्या फाईलच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही आणि किल्ली मात्र त्याच मेलमध्ये आपल्या हाती दिलेली असते. पासवर्ड दिसला की आपल्याला उलट ते अधिक सुरक्षित वाटते, हे पाठवणाऱ्याने पक्के हेरलेले असते. पिवळ्या पट्टीवरील बटण म्हणजे त्या फाईलमध्ये दडवलेल्या आज्ञावलीला, म्हणजे मॅक्रोला, आपण दिलेली परवानगी. इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो आपोआप अडवण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणली. माझ्या जुन्या ऑफिसमध्ये ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. केजला औषधाचे दुकान चालवणारा माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, 'सर, तुमचा मेल आला, पण फाईल काही उघडत नाही, परत पाठवता का?' लातूरहून एकाने तेच विचारले, धारूरच्या एका नातेवाइकांनीही विचारले. माझ्या नावाने आलेली वस्तू उघडत नाही म्हणून माणसे ती पुन्हा मागत होती. आणि मी, संपादक महोदय, त्यांना 'सर्व्हरची काही तरी अडचण दिसते, बघतो,' असे सांगितले. एक दिवस नव्हे, दोन दिवस सांगितले. ज्या मुलांना मी छडी न उगारता शिकवले, त्यांच्यासमोर 'सरांनीच फसवी फाईल उघडली' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, उद्या त्या पोराच्या दुकानाचा हिशेब गेला, तर त्याला काय सर्व्हरच सांगणार आहात का?" त्यानंतर मी पहिला फोन त्या सहकाऱ्यांना केला, ज्यांच्या नावाने मेल आला होता.

ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'सर, माझ्याकडे हे तीन आठवड्यांपूर्वीच झाले होते. दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणला, म्हटले विषय संपला. कशाला बोभाटा करायचा?' मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही, कारण आदल्या दोन दिवसांत मीही तेच करत होतो. त्यांनी तेव्हाच चार ओळी सर्वांना कळवल्या असत्या, तर मी ती फाईल उघडली नसती, आणि मी पहिल्याच फोनवर खरे सांगितले असते, तर केजच्या दुकानाचा संगणक वाचला असता. त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी फाईल दुकानातल्या एका वेगळ्या संगणकावर उघडण्याचा प्रयत्न केला होता आणि ती तेथे उघडली.

'फॉरमॅट मारला', म्हणजे संगणकाची डिस्क पुसून टाकली, 'की विषय संपला' ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कापूस लावणाऱ्यांना गुलाबी बोंडअळी सांगावी लागत नाही. २०१७ च्या हंगामाने ती सर्वांना शिकवली. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते आणि अळी आतील सरकी खात असते; झिप फाईलची गत तीच. त्या अळीबाबत कृषी विद्यापीठांचे सांगणे असे असते की, हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, शेतात किंवा बांधावर ठेवू नये, कारण अळी त्यातील किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात शिवारभर पसरते. आपले शेत नांगरून टाकले, पण बांधावर पऱ्हाटी तशीच रचून ठेवली, तर शेजाऱ्याला त्या नांगरटीचा काय उपयोग? संगणक फॉरमॅट केल्याने यंत्रातील विषाणू बहुधा जातो, पण तोवर चोरीला गेलेली पत्रे, पत्ते आणि पासवर्ड परत येत नाहीत. त्या पत्रांच्या आधारे दुसऱ्या कोठल्या तरी देशातील यंत्रे आपल्या नावाने महिनोन्महिने मेल पाठवू शकतात, आणि तेव्हा आपला संगणक अगदी स्वच्छ असतो.

फॉरमॅटची दुसरी बाजू घरातल्या माणसालाच कळते. आमच्या शहरातील दुरुस्तीच्या दुकानात मी चौकशी केली, तेव्हा काय झाले हे न विचारताच उत्तर मिळाले: 'ठेवून जा, संध्याकाळी नवीन विंडोज टाकून देतो.' ते नवीन विंडोज परवान्याचे असते का, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. माझ्या त्या संगणकात बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेल्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या गेल्या असत्या तर विद्यार्थ्यांनी पेढे वाटले असते. पण त्यातच माझ्या आईने सांगितलेल्या जात्यावरच्या दोनशेहून अधिक ओव्याही होत्या. आई आता नाही आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत मी कधी काढली नव्हती. ती प्रत वेळेवर न काढणे, ही या सगळ्या प्रकरणातील माझी सर्वांत मोठी चूक मी मानतो. बटण दाबणे ही त्याखालची.

पुण्यात संगणकाचे काम करणारा माझा भाचा फोनवर जे सांगत गेला, ते मी येथे क्रमाने देतो, कारण ते कोणालाही घरी करता येते. त्याचे पहिले वाक्य होते, "मामा, आधी राऊटरची वायर काढा, बाकीचं नंतर बोलू." इंटरनेट तुटले की विषाणूचे बाहेरचे बोलणे थांबते. त्यानंतर त्याने संगणकाला हातही लावू दिला नाही. मोबाईलवरून ई-मेलचा पासवर्ड बदलायला लावला. बाधित संगणकावरून बदलला तर नवा पासवर्डही चोरीला जाऊ शकतो, हे मला सुचले नसते. मग खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन इतर सर्व उपकरणांवरील लॉगिन बंद करणे, दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करणे आणि खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाईल क्रमांक आपलाच आहे का, हे पाहणे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपले मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा एखादा नियम तेथे कोणी घालून ठेवला आहे का, ते तपासणे. पासवर्ड बदलूनही तो नियम तसाच राहिला, तर चोराला दार उघडण्याची गरजच उरत नाही. ब्राऊझरला 'लक्षात ठेव' म्हणून सांगितलेले बाकीचे सगळे पासवर्डही गेलेच असे धरून बदलायचे. ज्यांचे बँकेचे व्यवहार त्या यंत्रावरून होतात, त्यांनी याच टप्प्यावर बँकेला कळवायला हवे.

यंत्राची सफाई त्यानंतर. शेजारच्या घरातील चांगल्या संगणकावर पेन ड्राईव्हमध्ये एका अँटिव्हायरसची मोफत 'रेस्क्यू डिस्क' तयार केली आणि तीवरून आमचा संगणक सुरू केला. असे केल्याने मूळ विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे तिच्यासोबत जागा होणारा विषाणूही झोपलेला असतो आणि त्याला लपता येत नाही. तपासणीत तीन फाईल सापडल्या. त्या काढून टाकल्यावर ओव्या, छायाचित्रे आणि प्रश्नपत्रिका तपासून बाहेर काढून घेतल्या. मग मात्र डिस्क पुसूनच टाकली. म्हणजे फॉरमॅट आम्हीही केला, पण तो शेवटी. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आणि विंडोज ११ ला इतके जुने यंत्र चालत नसल्यामुळे आता त्यावर मोफत मिळणारी उबुंटू प्रणाली आहे. मराठी टंकलेखन तीवर उत्तम होते, हे पत्र त्यावरच लिहिले आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या संस्थेचे 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर अशा सफाईची साधने विनामूल्य मिळतात, हेही मला या निमित्ताने समजले. गावोगावच्या स्वच्छता अभियानाचे फलक मी पाहिले आहेत. या स्वच्छतेचा एकही फलक मी आजवर पाहिलेला नाही.

ओळखीच्या माणसाच्या नावाने येण्याची ही तऱ्हा जुनीच आहे. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' या विषयाचा मेल फिलिपिन्समधून निघाला आणि एका दिवसात जगभर पोहोचला. सोबतची फाईल साध्या मजकुराची वाटे, कारण तिच्या नावाचा शेवटचा, खरा तुकडा विंडोज दाखवतच नसे. ती उघडली की संगणकावरील छायाचित्रे नष्ट होत आणि पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला तेच प्रेमपत्र रवाना होई. ते करणाऱ्या तरुणाला शिक्षा झाली नाही, कारण त्या देशात तेव्हा असा गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तेच लबाडीने केले, तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फाईल उघडणारा हा गुन्हेगार नव्हे, तक्रारदार आहे. बातमीच्या मथळ्यात मात्र तो हास्यास्पद पात्र होतो.

माझी विनंती या एका मुद्द्याची आहे. ज्याची फसवणूक झाली, त्याचे नाव, वय आणि गल्ली छापून वाचकाच्या हाती काय पडते? आमच्यासारख्या शहरात तेवढ्या वर्णनावरून माणूस सकाळी नऊच्या आत ओळखला जातो. ते वाचून दुसरा कोणी सावध होत असेल, पण ज्याच्या संगणकात विषाणू आधीच शिरलेला आहे, तो गप्प बसायचे ठरवतो. माझे सहकारी गप्प बसले, मी दोन दिवस गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याच्या काळातच तो मेल पुढे गेला. त्याऐवजी त्याच चौकटीत मेलचा विषय काय होता, फाईल कोणत्या प्रकारची होती आणि ती कोणाच्या नावाने आली, हे छापले, तर त्याच आठवड्यात तोच मेल आलेले शंभर वाचक तो ओळखतील. थकबाकी, पीक विमा, प्रवेशाची यादी, वीजबिल, असे विषय हंगामानुसार बदलत असतात आणि त्यांची नोंद ठेवण्याचे काम एखादे वृत्तपत्र जितक्या सहज करू शकेल, तितके दुसरे कोणी करू शकणार नाही.

पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक विनाविलंब लावायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता आली तरच हाती लागते. पैसे गेले नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, त्यासाठी एस.टी.ने बीड गाठण्याची आवश्यकता नाही. मी ती नोंदवली. या दोन गोष्टी प्रत्येक बातमीच्या शेवटी तीन ओळींत मावतात. आपल्या त्या बातमीत त्या नव्हत्या.

भाच्याने सांगितलेले शेवटचे काम मला सर्वांत जड गेले आणि तेच सर्वांत लवकर करायला हवे होते. माझ्या पत्त्यांच्या यादीत ११३ जण निघाले. सर्वांना नव्या पासवर्डने एक साधा मेल लिहिला: माझ्या संगणकात विषाणू शिरला होता, चूक माझ्या हातून झाली, माझ्या नावाने आलेली कोणतीही फाईल उघडू नये, उघडली असल्यास इंटरनेट तोडून मला फोन करावा. ज्यांचे फोन क्रमांक होते त्यांना फोनही केले, कारण माझ्याच पत्त्यावरून आलेल्या मेलवर आता कोणी का विश्वास ठेवावा? सात जणांनी फाईल उघडली असल्याचे कबूल केले. त्यांतील दोघांनी ते घरातही सांगितले नव्हते. केजच्या विद्यार्थ्याच्या दुकानाचा हिशेब वाचला, कारण तो रोज रात्री वहीतही लिहून ठेवतो; ही सवय शाळेत लागली, असे तो म्हणाला, ते मात्र माझे मन राखण्यासाठी असावे.

या पत्रासोबत माझे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी जोडला आहे. ज्यांना ते कळणे आवश्यक होते, त्या ११३ जणांना मी ते स्वतःहून कळवले आहे. येथे छापले नाही तरी चालेल.

आपला नम्र वाचक,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड